गोराईची किंमत : शासकीय गृहनिर्माणातील एका नीतीचा विचार

गोराई हे नाव दोन ठिकाणांना लावले जाते. खाडीपलीकडे जुने गाव आहे. खाडीच्या अलीकडे, बोरिवली पश्चिमेला, म्हाडाची वसाहत आहे. प्रस्तुत टिपणात दुसऱ्या गोराईचा विचार करावयाचा आहे. कारण सामान्य माणसाला परवडेल अशी किंमत शासन ठरवू शकते काय, आणि ठरविल्यास ती किती काळ टिकते, या प्रश्नाचे उत्तर तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ साली मुंबई नागरी विकास प्रकल्प हाती घेण्यात आला. तो १९९४ मध्ये संपला. त्याखाली गोराई, चारकोप, मालवणी इत्यादी ठिकाणी तयार घराऐवजी पाणी, मलनिःसारण व रस्ता यांची सोय असलेला लहान भूखंड देण्यात आला. घर कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे, सवडीने बांधावयाचे होते. मोठे भूखंड व व्यापारी जागा चढ्या भावाने विकावयाच्या आणि त्या उत्पन्नातून लहान भूखंडांची किंमत खाली आणावयाची, असे या योजनेचे गणित होते.

या गणिताचे गुण मान्य केले पाहिजेत. सरकारी तिजोरीवर फारसा भार न टाकता अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना जमिनीची मालकीसदृश शाश्वती मिळाली. वस्तीत निरनिराळ्या उत्पन्नाचे लोक शेजारी आले. प्रथम बसक्या असलेल्या घरांवर पुढे मजले चढले. योजना फसली असे म्हणणारे टीकाकार मूळ लाभार्थींनी घरे विकली याकडे बोट दाखवितात. ती यशस्वी झाली असे म्हणणारे आजच्या नांदत्या वस्तीकडे. आमच्या मते दोन्ही पक्ष मूळ मुद्द्याला बगल देतात. सवलत घराला नव्हती, पहिल्या धारकाला होती. त्याने घर विकताच नव्या खरेदीदाराला पूर्ण बाजारभाव द्यावा लागला, आणि सार्वजनिक जमिनीच्या मूल्यातील फरक खाजगी झाला. त्या धारकाला दोष देणे योग्य नव्हे. आजारपण, मुलांचे शिक्षण, गावचे कर्ज यांसाठी माणूस विकावयाचे तेच विकतो. दोष किंमतनीतीचा आहे. तिने परवडण्याजोगेपणा निर्माण केला, पण राखला नाही. पहिल्या धारकाच्या मुलालाही आज त्याच गल्लीत दुसरे घर घ्यावयाचे झाल्यास जुन्या किमतीचा काहीच उपयोग नाही.

पुढील काळात भूखंड मागे पडले व तयार सदनिकांची सोडत पुढे आली. येथे दुसरा दोष दिसतो. २०२३ च्या सोडतीत गोरेगावच्या पहाडी भागातील अत्यल्प उत्पन्न गटाच्या घरांची किंमत सुमारे ३० लाख रुपये होती. या गटाची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा वार्षिक ६ लाख. आता हिशेब पाहू. ३ लाख रोख भरून २७ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे २३,४०० रुपये येतो. मर्यादेच्या अगदी टोकावर असलेल्या, म्हणजे महिना ५०,००० मिळविणाऱ्या कुटुंबाच्याही उत्पन्नाचा हा जवळजवळ निम्मा भाग होय. महिना २५,००० मिळविणारे कुटुंब कागदोपत्री पात्र आहे. प्रत्यक्षात त्याच्या हाती हप्ता भरून दीड हजार उरतात. पात्रतेची रेषा व किमतीची रेषा एकमेकींशी बोलत नाहीत.

किंमत ही अटळ गोष्ट नाही, हेही लक्षात घ्यावे. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईच्या सोडतीतील ३७० घरांच्या जाहीर किमती गटानुसार १० ते २५ टक्क्यांनी कमी करण्यात आल्या. जी किंमत एका निर्णयाने उतरते, ती मुळात निर्णयानेच चढलेली असते.

यावरून दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, किंमत गटाच्या कमाल मर्यादेवरून न ठरविता गटाच्या मध्यावरील कुटुंबाच्या हप्त्यावरून ठरवावी. दुसरी, सवलत घराशी बांधावी. सिंगापूरने २०२१ पासून मोक्याच्या जागी बांधलेल्या सरकारी घरांच्या पहिल्या पुनर्विक्रीत सवलतीचा काही भाग परत घेण्याची अट घातली आहे. आपल्याकडे ठराविक मुदतीपर्यंत विक्रीस बंदी असते. पण मुदत केवळ विक्री लांबविते, सवलत वाचवीत नाही. गोराईने घर स्वस्त कसे करावे हे शिकविले. ते दुसऱ्या पिढीसाठी स्वस्त कसे राहील, हा धडा अद्याप गिरवावयाचा आहे.