पेट्रोलच्या नॉकिंगरोधाचे पूर्वानुमान : ज्वलनविलंब पद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक

ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच सिलिंडरमधील उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटले, तर इंजिनातून टकटक आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाताना आंबा घाटात भरलेली गाडी कमी वेगाने चढवताना त्याची शक्यता वाढते. इंधनाचा नॉकिंगरोध ऑक्टेन अंकाने व्यक्त होतो. तो मोजण्याचे प्रमाणित एकसिलिंडरी इंजिन खर्चिक असते. त्यामुळे तप्त बंद कक्षात इंधन पेटण्यास लागणारा वेळ, म्हणजेच ज्वलनविलंब, मोजून ऑक्टेन अंक वर्तवण्याची पद्धत प्रयोगशाळांना आकर्षक वाटते. प्रस्तुत लेखात तिचे बळ व मर्यादा तपासल्या आहेत.

सैद्धान्तिक आधार

या पद्धतीचा पाया भक्कम आहे. लिव्हनगुड व वू यांनी १९५५ मध्ये मांडले की, प्रत्येक सूक्ष्म कालखंडास त्या क्षणीच्या दाब-तापमानातील ज्वलनविलंबाने भागून बेरीज करत गेल्यास, ती एक होताच मिश्रण पेटते. नॉकिंगचे कारण अशा रीतीने इंधनाच्या रसायनाशी थेट जोडले जाते.

आक्षेप

वर्तवलेला अंक रॉनशी (रिसर्च ऑक्टेन अंकाशी) किती जुळतो, एवढीच यशाची कसोटी ठेवली की दोष शिरतो. रॉन हा इंधनाचा स्वयंसिद्ध गुणधर्म नव्हे. आयसोऑक्टेन (१००) व हेप्टेन (०) यांच्या मिश्रणाशी मिनिटाला ६०० फेऱ्यांवर केलेली ती तुलना आहे. मॉनची (मोटर ऑक्टेन अंकाची) तुलना ९०० फेऱ्यांवर, १४९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या मिश्रणावर होते. या संदर्भ-इंधनांत तापमानाच्या एका पट्ट्यात उष्णता वाढूनही ज्वलनविलंब लांबतो. इथेनॉल तसे वागत नाही. म्हणून एका स्थितीत सारखी ठरलेली इंधने दुसऱ्या स्थितीत वेगळी ठरतात.

मुंबई आय.आय.टी.चे माजी विद्यार्थी व शेल कंपनीत दीर्घकाळ संशोधन केलेले गौतम कलघटगी यांनी २००१ मध्ये मांडलेले सूत्र येथे निर्णायक ठरते : ऑक्टेन निर्देशांक = रॉन − (के × संवेदनशीलता). संवेदनशीलता म्हणजे रॉन व मॉन यांतील फरक, तर ‘के’ इंजिनाच्या कार्यस्थितीवर अवलंबून असतो. आधुनिक इंजिनांत तो ऋणही असू शकतो. समजा, एका इंधनाचे रॉन ९५ व मॉन ८५ आहे. दुसऱ्याचे ९२ व ९०. ‘के’ ०.५ असल्यास निर्देशांक अनुक्रमे ९० व ९१ येतात. ‘के’ उणे ०.५ असल्यास १०० व ९३. म्हणजे इंधनांचा क्रमच उलटतो. केवळ एका तापमानावरील ज्वलनविलंब हा उलटफेर कसा सांगणार?

इथेनॉलचा संदर्भ

भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्रासाठी हा प्रश्न त्यामुळे पुस्तकी राहिलेला नाही. इथेनॉलची संवेदनशीलता मोठी आहे. शिवाय बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून मिश्रण थंड करते. इंधन आधीच बाष्परूप करून ठरलेल्या तापमानावर केलेल्या मोजणीत हा लाभ नोंदला जात नाही.

निष्कर्ष

ज्वलनविलंब पद्धत त्याज्य नाही. तिला लावलेली कसोटी अपुरी आहे. विलंब अनेक दाब-तापमानांवर मोजावा, बाष्पीभवनाचा परिणाम स्वतंत्रपणे धरावा आणि अंतिम पडताळणी प्रत्यक्ष इंजिनातील नॉकिंगशी करावी. अन्यथा नवे साधन जुन्या मापनपट्टीच्या मर्यादाच अधिक अचूकतेने पुन्हा नोंदवत राहील.