तक्त्यातला शेवटचा रकाना

घोडबंदरच्या एका शाळेत अलीकडे जाण्याचा योग आला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आणि मध्ये वाढती वस्ती. डास आणि जंगल यांची ओळख इथल्या मुलांना पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. वर्गाच्या भिंतीवर ‘कीटकांमुळे पसरणारे रोग’ असा छापील तक्ता होता. रकाने चार : रोग, रोगकारक, वाहक आणि लस. असे तक्ते बहुतेक शाळांत असतात, म्हणूनच त्याची थोडी चिकित्सा करावीशी वाटते.

आधी त्याचे गुण सांगू. अक्षर मोठे आहे, चित्रे स्पष्ट आहेत. हिवतापाचा ॲनॉफिलिस, डेंग्यूचा एडिस आणि जपानी मेंदूज्वराचा क्यूलेक्स हे तीन डास वेगवेगळे दाखवले आहेत. माकडतापाच्या ओळीत गोचीड आहे. मात्र गोचीड हा कीटक नव्हे. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ पाय असतात आणि तिचे नाते कोळ्याशी आहे. पण ही चूक शिक्षक खडूने दुरुस्त करू शकतील. आमची खरी तक्रार शेवटच्या रकान्याबद्दल आहे. तेथे माकडताप व जपानी मेंदूज्वर यांच्यापुढे ‘आहे’, तर हिवताप व डेंग्यू यांच्यापुढे ‘नाही’ एवढेच छापले आहे.

माकडतापाचेच पाहा. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासची माणसेही तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) हा विषाणू शोधून काढला. रशियात गोचिडीमुळेच होणाऱ्या एका मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते निघाले. तेव्हा त्या रोगावरची लस येथेही चालेल, या अपेक्षेने ती लोकांना टोचण्यात आली. ती उपयोगी पडली नाही. नात्यातल्या विषाणूची लस संरक्षण देईलच असे नाही, हा पहिला धडा.

पुढे कोंबडीच्या भ्रूणपेशींत याच विषाणूची वाढ करून आणि त्याला फॉर्मॅलिनने निष्क्रिय करून स्वतंत्र लस तयार झाली. कर्नाटकात २००५ ते २०१० या काळातील नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के, तर वर्धक मात्रेनंतर सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळत असल्याचे दिसले. म्हणजे लस न घेतलेल्या गटात जिथे शंभर जण आजारी पडले असते, तिथे दोन मात्रा घेतलेल्या तेवढ्याच मोठ्या गटात सुमारे अडतीस जण आजारी पडले. संरक्षण टिकवण्यासाठी वर्धक मात्रा पुन्हापुन्हा घ्याव्या लागत. अखेर २०२२ मध्ये कर्नाटकात ही लस देणे थांबले. नव्या लसीवर काम सुरू आहे. तक्त्यातला ‘आहे’ हा शब्द यातले काहीच सांगत नाही.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात माकडताप आढळला. काजूच्या हंगामात रानात जावेच लागते आणि गोचिडींचा उपद्रवही त्याच महिन्यांत अधिक असतो. ‘लस आहे’ असे शाळेत शिकलेला मुलगा अंगभर कपडे घालणे, घरी आल्यावर अंग तपासणे, मेलेल्या माकडाजवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवणे, या गोष्टी अनावश्यक समजेल. एका शब्दाची किंमत इतकी मोठी असू शकते.

आणखी एक गोष्ट रकान्यातून निसटते. ‘बहुतेकांनी लस घेतली की उरलेल्यांचेही रक्षण होते’ हे आपण गोवराच्या उदाहरणाने शिकवतो. गोवर माणसाकडून माणसाकडे जातो, म्हणून ते खरे आहे. माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही. विषाणू जंगलातील प्राणी आणि गोचिडी यांच्यात फिरत राहतो. सगळ्या गावाने लस घेतली आणि एकाने घेतली नाही, तर त्या एकाचा धोका तसूभरही कमी होत नाही. जपानी मेंदूज्वराचेही तसेच. त्याचा विषाणू डुकरे व पाणपक्षी यांच्यात वाढतो.

आता ‘नाही’ या शब्दाकडे वळू. हिवतापावर आज दोन लसी आहेत. त्यांपैकी आर-२१ ही ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यांची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तिची शिफारस केली. ती प्रामुख्याने आफ्रिकेतील बालकांसाठी वापरली जाते.

डेंग्यूची कथा अधिक बोधप्रद आहे. त्याच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत; उलट त्याला पेशीत शिरायला मदत करू शकतात. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू अनेकदा अधिक गंभीर असतो. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना एक डेंग्यूची लस दिली गेली. ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नव्हता, त्यांना पुढे लागण झाल्यास आजार तीव्र होण्याचा धोका वाढतो, असे २०१७ मध्ये उत्पादकानेच जाहीर केले आणि ती मोहीम थांबली. म्हणजे लस असूनही ‘कोणाला द्यावी’ हा प्रश्न उरलाच.

तक्ता फाडून टाका असे आम्ही म्हणत नाही. शेवटच्या रकान्यावर कोरा कागद चिकटवावा आणि मुलांकडून तीन प्रश्नांची उत्तरे त्यावर लिहून घ्यावीत. रोगजंतूचा मुक्काम कोठे : माणसात, माकडात की डुकरात? लस किती जणांना आणि किती काळ वाचवते? माझ्या लस घेण्याने शेजाऱ्याचे रक्षण होते का? उत्तरे पेन्सिलने लिहावीत, कारण ती बदलत राहतील.