हसण्याची उजळणी

आपल्याकडे समीक्षा म्हटली की कविता, कथा, कादंबरी आणि फार तर नाटक, एवढ्यापुरतीच ती मर्यादित राहते. छोट्या पडद्यावरील मालिकांविषयी लिहिणे म्हणजे वेळ वाया घालवणे, असा एक समज आहे. वस्तुतः ज्या घरात वर्षभरात एकही पुस्तक येत नाही, त्या घरातही दूरचित्रवाणी संच असतो आणि आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. माणसे कशाला हसतात, कोणाला हसतात आणि हसता हसता कोणत्या क्षणी नाराज होतात, हे पाहणे साहित्याच्याच कक्षेत येते. म्हणून ‘साराभाई वर्सेस साराभाई’ या हिंदी विनोदी मालिकेच्या दुसऱ्या पर्वाबद्दल, आणि त्याहीपेक्षा त्या पर्वावर प्रेक्षकांनी व्यक्त केलेल्या नाराजीबद्दल, येथे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

ही मालिका नोव्हेंबर २००४ मध्ये स्टार वन या वाहिनीवर सुरू झाली. लेखन आतिश कपाडिया यांचे, दिग्दर्शन देवेन भोजानी यांचे आणि निर्मिती जे. डी. मजेठिया यांच्या संस्थेची. दक्षिण मुंबईतील कफ परेडला राहणारे एक श्रीमंत गुजराती कुटुंब. इंद्रवदन (सतीश शाह), त्याची उच्चभ्रू पत्नी माया (रत्ना पाठक शाह), थोरला मुलगा साहिल (सुमीत राघवन), कविता करणारा धाकटा रोसेश (राजेश कुमार) आणि मध्यमवर्गीय घरातून आलेली सून मोनिशा (रूपाली गांगुली). सत्तरच्या आसपास भाग होऊन २००६ मध्ये मालिका बंद झाली. कारण साधे होते, तिला पुरेसा प्रेक्षक मिळत नव्हता. पुढे पुनःप्रक्षेपणातून आणि मोबाईलवर फिरणाऱ्या तुकड्यांतून ती घराघरात पोहोचली. अकरा वर्षांनी, मे २०१७ मध्ये, तेव्हाच्या हॉटस्टारवर ‘टेक २’ या नावाने दुसरे पर्व आले. तेच लेखक, तेच दिग्दर्शक आणि तेच पाच प्रमुख कलावंत. भाग मात्र दहाच्या आसपास.

या पर्वाचे स्वागत संमिश्र झाले. प्रेक्षकांच्या बोलण्यातून तीन सूर ऐकू येत होते. पहिला सूर, ‘तेच तेच दाखवले आहे, नवीन काही नाही.’ दुसरा सूर, ‘पूर्वीचे राहिले नाही, सगळे बदलले.’ तिसरा सूर कृतज्ञतेचा. आमच्या शिक्षक खोलीत हा विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या, “अगं, विनोद कसे का असेनात, ती माणसं पुन्हा एका घरात दिसली यातच माझं समाधान झालं.” या तिसऱ्या सुराशी वाद घालण्याचे कारण नाही. पहिल्या दोन सुरांचा मात्र विचार केला पाहिजे, कारण ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडून निघतात. एकच गोष्ट जुनी म्हणूनही नकोशी आणि नवी म्हणूनही नकोशी, असे कसे होईल?

आधी ‘तेच तेच’ या आक्षेपाकडे पाहू. पहिल्या पर्वातही पुनरावृत्ती भरपूर होती. रोसेशची कविता, इंद्रवदनने त्याची उडवलेली खिल्ली, मधुभाईंना ऐकू न येणे, जावई दुष्यंतने उपकरणे खोलत बसणे, हे सारे पुन्हा पुन्हा येत असे आणि प्रेक्षक त्याची वाट पाहत असे. पाढे म्हणताना मुलांना जो आनंद होतो त्याच जातीचा हा आनंद आहे. पुढे काय येणार हे माहीत असते, म्हणूनच ते आल्यावर बरे वाटते. तेव्हा पुनरावृत्ती हा दोष मानता येत नाही.

फरक दुसरीकडे आहे. पहिल्या पर्वात प्रत्येक भागाला एक प्रसंग असे. मायाला एक हवे, मोनिशाला दुसरे, साहिल मध्ये सापडलेला आणि इंद्रवदन आगीत तेल ओतायला बसलेला. या ओढाताणीतून पात्राचा स्वभाव बाहेर येई. रोसेशची कविताही कोणाला तरी खूश करण्यासाठी किंवा कोणाची तरी अडचण करण्यासाठी येई. दुसऱ्या पर्वात स्वभाव आधी येतो आणि प्रसंग नंतर. पात्र दारातून आत येतानाच आपली ओळखीची लकब करून दाखवते, जणू हजेरी लावते. त्याचे एक कारण उघड आहे. सत्तर भागांच्या मालिकेत एखाद्या भागात रोसेश फारसा नसला तरी चालते. भाग मोजके असले की प्रत्येकाला प्रत्येक वेळी आपला वाटा द्यावा लागतो, कारण प्रेक्षक अकरा वर्षे थांबलेला असतो. शिवाय नातू गुड्डू आणि रोसेशची मैत्रीण जास्मिन यांनाही जागा करून द्यायची होती. परिणामी लकबी त्याच राहिल्या, त्यांच्यामागची गरज तेवढी गेली. म्हणून एका प्रेक्षकाला ते तेच वाटले आणि दुसऱ्याला बदललेले. दोघांच्याही तक्रारीचे मूळ एकच होते.

प्रेक्षकांचीही एक बाजू तपासली पाहिजे. ज्यांनी २०१७ मध्ये ‘आमची मालिका बिघडवली’ अशी तक्रार केली, त्यांच्यापैकी बरेच जण २००४ ते २००६ या काळात ती पाहत नव्हते. पाहत असते तर ती बंद पडली नसती. त्यांनी मालिका पाहिली ती नंतर, आणि पुष्कळांनी तुकड्यांमधून. तुकडे निवडताना सर्वांत चांगले तेच निवडले जातात. पहिल्या पर्वातही काही भाग सैल होते, पण ते कोणाच्या आठवणीत नाहीत. दुसऱ्या पर्वाची तुलना पहिल्या पर्वाशी झालीच नाही, ती पहिल्या पर्वातील निवडक अर्ध्या तासाशी झाली. या परीक्षेत कोणतीही मालिका नापास झाली असती.

एवढे म्हणूनही दुसऱ्या पर्वाचा एक दोष शिल्लक राहतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो भाषेचा आणि प्रतिष्ठेचा आहे. मोनिशाचे मूळ नाव मनीषा. मायाला ते नाव फारच सामान्य वाटते, म्हणून ती सुनेचे नाव मोनिशा करून टाकते. घासाघीस करणे, वस्तू जपून ठेवणे, सवलतीच्या मागे धावणे या तिच्या सगळ्या सवयींना मायाकडे एकच शिवी आहे, ‘मिडल क्लास’. तीही बोलायची अत्यंत सभ्यपणे, अस्खलित इंग्रजी उच्चारात.

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना ही उतरंड रोज दिसते. घरी दखनी बोलणारे मूल ‘क़लम’ला ‘खलम’ म्हणते. त्याला हसणारे कोण? तर पुस्तकी उर्दू बोलणारे. तेच मूल बाजारात मराठी बोलू लागले की त्याच्या लहेजाला दुसरे हसतात आणि इंग्रजीचे वाक्य उच्चारले की तिसरे. पुष्कळ मुले यातून एकच धडा घेतात, तोंड न उघडण्याचा. पालक हे पाहतात आणि धाकट्या भावंडाचे नाव इंग्रजी माध्यमात घालतात. मनीषाची मोनिशा होणे ही आमच्यासाठी काही केवळ विनोदी कल्पना नाही.

पहिल्या पर्वाचे मोठेपण असे की त्यात मोनिशा बदलत नाही. ती मायाची मर्जी राखण्याचा प्रयत्न करते, फसते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजीवाल्याशी घासाघीस करते. सासरे तिच्या बाजूने उभे राहतात. आपण आधी मोनिशाला हसतो आणि मग ध्यानात येते की खरी हास्यास्पद गोष्ट मायाने उभारलेली ती उंच शिडी आहे, जिच्या टोकावर तिलाही धड उभे राहता येत नाही. श्रीमंत घरात घडणारी ही मालिका साध्या वस्तीतल्या प्रेक्षकालाही आपली वाटली ती यामुळे. ‘नुक्कड’सारख्या मालिकेत १९८६-८७ मध्ये कोपऱ्यावरची गरीब माणसे स्वतःच हसत आणि हसवत होती. येथे कॅमेरा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेला होता, पण एक माणूस आपला होता.

दुसऱ्या पर्वात हे माणूस हरवले. मोनिशाची काटकसर वाढवून वाढवून अशी केली की तिच्यामागचा शहाणपणा दिसेनासा झाला. हसू तिच्यापाशीच थांबते, उलटून मायाकडे जात नाही. रत्ना पाठक शाह यांच्या शब्दफेकीत यत्किंचितही उणे नाही, उलट ती इतकी धारदार आहे की समोर तोडीचे कोणी नसल्यामुळे तिचा टोमणा नुसता टोमणा उरतो. ‘पूर्वीसारखी मजा नाही’ असे म्हणणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला हेच जाणवले असावे. त्याला ते शब्दांत सांगता आले नाही, इतकेच. समीक्षकांनी अशा वेळी त्याला जुन्या आठवणीत रमणारा म्हणून मोडीत काढू नये. त्याची तक्रार उकलून दाखवणे हे समीक्षेचे काम आहे.

मग जुनी मालिका पुन्हा आणूच नये काय? तसे नाही. याच निर्मात्यांनी २०२१ मध्ये ‘वागले की दुनिया’ परत आणली. आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रावरील मूळ मालिका १९८८ ची. नव्या मालिकेत अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे वागले दांपत्य आजी-आजोबा होऊन आले आणि घराचा भार मुलाच्या खांद्यावर गेला. ती भूमिका सुमीत राघवन यांनीच केली. तेथे काळ पुढे गेल्याचे मान्य केले होते, म्हणून जुन्या पात्रांना नवे प्रसंग मिळाले. साराभाईंच्या घरात नातू आला, तरी आजी आजी झाली नाही आणि सून थोरली झाली नाही. अकरा वर्षे गेली ती फक्त प्रेक्षकांची.

२५ ऑक्टोबर २०२५ रोजी सतीश शाह यांचे निधन झाले. १९८४ मध्ये ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेत त्यांनी प्रत्येक भागात वेगळी भूमिका केली होती. त्या घराचा कर्ता होता आपल्या कोकणातून आलेला गुणी कलावंत शफी इनामदार. दर आठवड्याला नवा माणूस होणाऱ्या या नटाला लोकांनी शेवटी एकाच इंद्रवदनसाठी लक्षात ठेवले. त्यांच्या जाण्याने ‘टेक २’कडे पाहण्याची दृष्टी थोडी मऊ होईल आणि व्हावीही. पण मऊ दृष्टीने पाहतानाही ज्यांना मालिका दाखवायची आहे त्या मुलांना मी पहिल्या पर्वापासूनच सुरुवात करायला सांगेन, आणि एक प्रश्न विचारीन. मनीषा हे नाव बदलण्याची गरज कोणाला होती?