रेडिओची मैफल आणि गाळलेले आवाज

जुन्या रेडिओच्या आठवणींवर गाणी आणि गप्पा असा कार्यक्रम विदर्भात आता चांगलाच रुजला आहे. युनेस्कोने २०११ मध्ये १३ फेब्रुवारी हा जागतिक रेडिओ दिन म्हणून जाहीर केल्यापासून तर अशा मैफलींना हक्काची तारीखही मिळाली. रंगमंचावर लाकडी पेटीचा एक व्हॉल्व्ह सेट, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल, बाजूला निवेदकाची खुर्ची, मागे वादक. श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे. वर्धा शहरात असाच एक कार्यक्रम ऐकला. संस्थेचे आणि कलावंतांचे नाव इथे देत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते एका संस्थेपुरते नाही. हा साचाच तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

आधी चांगले ते सांगतो. निवेदकाचा आवाज कमावलेला होता आणि त्याने घाई केली नाही. आकाशवाणीची ती ओळखीची प्रारंभधून वॉल्टर कॉफमन या मध्य युरोपातून मुंबईत आलेल्या ज्यू संगीतकाराची, हे त्याने आवर्जून सांगितले. ती धून सभागृहात वाजली तेव्हा मागच्या रांगेतल्या कुजबुजीही थांबल्या. पोस्टात जाऊन काढायचा परवाना, १९२७ सालची त्याची वर्षाची दहा रुपये फी, या गोष्टी तरुण श्रोत्यांना नव्याच होत्या. गांधीजींचे १२ नोव्हेंबर १९४७ चे भाषणही ऐकवले. कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांसाठी दिल्लीच्या ब्रॉडकास्टिंग हाऊसमधून केलेले हे भाषण. गांधीजी रेडिओ केंद्रावर गेले ते त्या एकदाच. सेवाग्राम हाकेच्या अंतरावर असलेल्या गावात ते ऐकताना अंगावर काटा येणे साहजिक होते.

मात्र 'सुरुवातीचा रेडिओ' म्हणून जे सांगितले गेले ते मुंबईचे होते, वर्ध्याचे नव्हते. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विनच्या हस्ते मुंबई केंद्र सुरू झाले, हे खरे. पण त्या प्रक्षेपकाची ताकद दीड किलोवॉट. त्याचा भरवशाचा पल्ला सुमारे तीस मैलांचा. मुंबईपासून सातशे किलोमीटरवर असलेल्या वर्धेकराच्या कानाशी त्याचा संबंध किती असणार? सगळ्या देशातले परवाने १९३० पर्यंत आठ हजारांच्या आतच होते. एप्रिल १९३६ च्या अखेरीस गांधीजी शेगावला राहायला आले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये दिल्लीत 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव ठरले. तरी आपल्या भागाला जवळचे केंद्र मिळायला १९४८ साली नागपूर सुरू होईपर्यंत थांबावे लागले. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या रेडिओचा इतिहास लिहायचा तर तो लघुलहरींवरून, लांबून येणाऱ्या आणि मध्येच विरणाऱ्या आवाजांपासून लिहावा लागतो.

आणि त्या आवाजांत एक असा आहे की वर्ध्याच्या कार्यक्रमात तो नसावा याचे मला राहून राहून आश्चर्य वाटले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी याच जिल्ह्यातल्या आष्टीत पोलीस ठाण्यासमोर गोळ्या चालल्या. आंदोलक मेले, पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यात चिमूर पेटले. पुढे तिथे जे अत्याचार झाले त्यांची बातमी छापण्याची वर्तमानपत्रांना मुभा नव्हती. ती बातमी देशाने ऐकली रेडिओवर. सरकारी रेडिओवर अर्थातच नाही. २७ ऑगस्ट १९४२ पासून मुंबईत ४२.३४ मीटरवर 'काँग्रेस रेडिओ' हे भूमिगत केंद्र चालू झाले. पोलिसांना चुकवत त्याची जागा सारखी बदलावी लागे. बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी आणि त्यांचे सोबती ते चालवत होते. पाठीशी राममनोहर लोहिया होते. आष्टी आणि चिमूरचे सविस्तर वृत्त याच केंद्रावरून गेले, असे उषाबेनांनी पुढे सांगून ठेवले आहे.

आपल्या वाचकांनी एक नाव इथे लक्षात ठेवावे. काँग्रेस रेडिओचे हिंदुस्थानीतले कार्यक्रम लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांत उषा मेहता आणि अच्युतराव पटवर्धन यांच्याबरोबर मोइनुद्दीन हॅरिस होते, मुंबईचे उर्दू पत्रकार आणि राष्ट्रवादी मुसलमान कार्यकर्ते. कार्यक्रमाची सुरुवात इक्बालांच्या तराण्याने होई आणि शेवट वंदे मातरम्‌ने. कोणाला हे आज जुळवून आणलेले वाटेल. पण १९४२ च्या त्या खोलीत, दारावर पोलिसांची थाप केव्हा पडेल याचा नेम नसताना, कोणी कोणाला खूश करण्यासाठी तबकड्या निवडत नव्हते. वर्ध्याच्या मैफलीत उषा मेहतांचे नाव एका वाक्यात येऊन गेले. हॅरिस यांचे आलेच नाही. आष्टीचेही नाही. निवेदकाने त्या वाक्यानंतर लगेच एक देशभक्तिपर चित्रपटगीत सुरू केले.

१२ नोव्हेंबर १९४२ ला हे केंद्र पकडले गेले. त्याच्या आदल्याच दिवशी, ११ नोव्हेंबरला, सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भणसाळी यांनी चिमूरच्या चौकशीसाठी उपोषण आरंभले होते. दिल्लीत सुरू झालेले हे उपोषण पुढे सेवाग्रामला चालले, १२ जानेवारी १९४३ पर्यंत, त्रेसष्ट दिवस. त्याची बातमी देण्यावरही बंदी आली तेव्हा ६ जानेवारीला वृत्तपत्रांनी हरताळ पाळला. रेडिओ बंद, वर्तमानपत्रे मुकी, आणि वर्ध्याजवळ एक माणूस अन्नावाचून पडलेला. गांधीजींचे १२ नोव्हेंबरचेच भाषण ऐकवणाऱ्याला पाच वर्षे अलीकडची ती तारीख दिसायला हरकत नव्हती.

आता संगीताकडे. गायिकेचा गळा गोड होता, तबलाही नेटका. पण सारी संध्याकाळ पेटीवर आणि कीबोर्डवर निघाली. इथे माझा आक्षेप नुसत्या आवडीनिवडीचा नाही. ज्या काळाचे चित्र उभे करायचे होते त्या काळातल्या रेडिओवर पेटी नव्हतीच! १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी केली आणि ती १९७१ मध्ये अंशतः उठली. कारण असे दिले जाई की पेटीचे सूर ठोकळ्यांसारखे बांधलेले. दोन स्वरांमधली मींड आणि आपल्या श्रुती तिच्यात सापडत नाहीत. रवींद्रनाथांसारख्यांनाही ती नको होती. नागपूर केंद्र १९४८ चे, म्हणजे ऐन बंदीच्या काळातले. तेव्हा गायकामागे जो सूर असायचा तो सारंगीचा.

ही सारंगी कोणाच्या हातात होती? पिढ्यान्‌पिढ्या बायजींच्या कोठ्यांवर साथ करणाऱ्या घराण्यांच्या, आणि ती घराणी बहुतेक मुसलमान होती. विसाव्या शतकात संस्थानिक मोडकळीला आले, कोठे उठले, मैफलीत पेटीने सारंगीला मागे रेटले. अशा वेळी रेडिओने या लोकांना नोकरी दिली, महिन्याचा पगार दिला. ज्याला समाजात मान नव्हता तो 'स्टाफ आर्टिस्ट' झाला. नाव मात्र गायकाचेच लक्षात राहिले. पेटीवरची बंदी शहाणपणाची होती की हेकटपणाची, यावर वाद होऊ शकतो. मला स्वतःला ती हेकटपणाची वाटते. नाट्यसंगीतावर वाढलेल्या मराठी श्रोत्याला तर ती जाचकच होती. पण तिच्या पोटी एक वाद्य आणि ते वाजवणारी माणसे तीस वर्षे तगली, हेही तितकेच खरे आहे. ही गोष्ट कार्यक्रमात पाच मिनिटांत सांगता आली असती. सोबत एक सारंगिया बसवला असता तर सांगावीही लागली नसती.

सारंगी ज्यांच्या मागे वाजली त्या बायजींची कहाणी याहून कडू आहे. तबकडीवर आणि रेडिओवर आधी त्याच गायल्या, कारण घरंदाज बायका गायला येत नव्हत्या. १९४६ मध्ये माहिती खाते सरदार पटेलांकडे आले, तेव्हा ज्यांचे खासगी जीवन लोकनिंदेचा विषय आहे अशांना रेडिओवर मज्जाव झाला. १९५२ पासून दहा वर्षे मंत्री असलेले बाळकृष्ण केसकर तर आपले मराठी गृहस्थ, संगीताचे जाणते. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात, १९५२ मध्ये सुरू झाला, त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण मुसलमान उस्तादांच्या हाती गेल्यामुळे हिंदुस्थानी संगीत आपल्या आध्यात्मिक मुळापासून तुटले, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी लिहूनही ठेवले. त्यांनी चित्रपटगीते हद्दपार केली, आणि श्रोता सुई फिरवून रेडिओ सिलोनवर गेला. कार्यक्रमात केसकर आले ते फक्त या किश्श्यापुरते, हशा पिकवण्यासाठी.

हशा आणखी एकदा पिकला, अमीन सयानींच्या नकलेवर. नक्कल हुबेहूब होती. पण ती जबान कुठून आली, हे वर्ध्याइतके कोणत्या गावाने सांगावे? हिंदी, उर्दू की हिंदुस्थानी, हा रेडिओच्या बातमीपत्रांवरचा १९४० च्या दशकातला मोठा झगडा. पत्रस बुखारी प्रमुख असताना अज्ञेय आणि चिराग हसन हसरत यांना बातम्यांसाठी सर्वांना समजतील अशा शब्दांचा कोश जुळवायला बसवले होते. दोन्ही लिप्यांतली हिंदुस्थानी पसरवण्यासाठी गांधीजींनी १९४२ मध्ये हिंदुस्थानी प्रचार सभा काढली ती इथे, वर्ध्यात. याच मुद्द्यावर १९४५ मध्ये ते हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. आणि गांधीजींच्याच सांगण्यावरून अमीनभाईंच्या आई कुलसुम सयानी 'रहबर' हे पाक्षिक नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत होत्या. मुलाने त्या कामात हात दिला. डिसेंबर १९५२ मध्ये सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली तेव्हा श्रोत्यांना जी सोपी, खेळकर, कोणालाही परकी न वाटणारी बोली ऐकू आली ती घरातल्या त्या पाक्षिकात घासूनपुसून निघालेली होती. सरकारी रेडिओने पुढे जड संस्कृत शब्दांची हिंदी धरली. लोकांनी मात्र गीतमालेची बोली उचलली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमीनभाई गेले तेव्हा त्यांच्या आवाजाबद्दल पुष्कळ लिहिले गेले, भाषेबद्दल कमी.

कार्यक्रमाचे पुढचे प्रयोग जिल्ह्यातल्या इतर गावांतही करण्याचा विचार आहे, असे शेवटी मंचावरून सांगण्यात आले. आर्वीला व्हावा, तिथून आष्टी जवळ आहे. संहितेतली दहा-बारा चित्रपटगीते कमी केली तरी श्रोता उठून जाणार नाही. कीबोर्ड घरी ठेवावा. सारंगिया मात्र लवकर शोधायला घ्यावा, कारण आता तो नागपुरातही सहज मिळत नाही, आणि मिळाला तर त्याचे मानधन गायिकेच्या मानधनाबरोबरच ठरवावे.