वेल्श ग्रामजीवनाचे चित्र : आल्विन रीस यांच्या ग्रंथाची चिकित्सा

प्रस्तावना :
वेल्समधील माँटगोमेरीशायरच्या डोंगराळ भागात लानविहांगेल-अंग-न्ग्विन्वा ही छोटी वस्ती आहे. वेल्श स्तोत्रकवयित्री अ‍ॅन ग्रिफिथ्स (१७७६-१८०५) यांचा जन्म याच परिसरातील एका शेतघरात झाला. समाजशास्त्रात मात्र हे गाव परिचित झाले ते आल्विन डी. रीस (१९११-१९७४) यांच्या 'लाइफ इन अ वेल्श कंट्रीसाइड' (१९५०) या ग्रंथामुळे. प्रस्तुत लेखात त्यातील ग्रामचित्राची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
चर्चजवळ मोजकी घरे आणि उर्वरित समाज डोंगरउतारांवरील विखुरलेल्या शेतघरांत, अशी येथील रचना आहे. गावठाण नाही म्हणजे एकजीव समाज नाही, हा समज रीस खोडून काढतात. येथील समाजजीवनाचे केंद्र बाजार वा चौक नसून 'आयल्विड', म्हणजे घरातील चूल, हे आहे. नातेसंबंध, शेजाऱ्यांचे परस्परसाहाय्य आणि धर्मजीवन यांनी ही घरे जोडली जातात. भूगोल, नातेव्यवस्था व धर्म यांची ही गुंफण ग्रंथाचे मोठे बळ होय.

ग्रंथाची मर्यादाही येथेच आढळते. नागरी जगाला आपल्या रहिवाशांना समाजात अर्थपूर्ण स्थान देता आले नाही. म्हणून ग्रामीण भागाची नवी घडी आखणाऱ्यांनी नम्रता बाळगावी, असा रीस यांचा निष्कर्ष आहे. शहराला पर्याय म्हणून गाव उभे केले की त्यातील भेद ताणाचे कारण न ठरता सुव्यवस्थेचा भाग वाटू लागतात. रोनाल्ड फ्रँकेनबर्ग यांच्या 'व्हिलेज ऑन द बॉर्डर' (१९५७) या ग्रंथात वेगळे वेल्श गाव दिसते. तेथे फुटबॉल क्लबसारख्या उपक्रमांतून गटबाजी प्रकट होते आणि अप्रिय निर्णयांचा दोष बाहेरच्यांवर ढकलून गावाची एकी राखली जाते. अर्थात ते गाव शेतकऱ्यांचे नव्हे, रोजगारासाठी बाहेर जाणाऱ्यांचे होते. त्यामुळे दोन चित्रांतील अंतर केवळ अभ्यासकांच्या दृष्टीचे नाही. ते गावांच्या अर्थव्यवहाराचेही आहे.

निष्कर्ष :
रीस यांचे चित्र अपुरे असले तरी त्यांचा इशारा निराधार नव्हता. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी १९५७ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि १९६५ मध्ये कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव जलाशयाखाली गेले. गावातील ताण झाकणारे लेखन सदोष ठरते. परंतु गावाला केवळ जमिनीचा तुकडा मानणारे नियोजन त्याहून घातक ठरते. रीस यांचा ग्रंथ या दोन्ही गोष्टी ध्यानी ठेवून वाचणे आवश्यक आहे.