भवभूति आणि झाडीपट्टीचा प्रेक्षक

नाटक रचणाऱ्यानें आपली कला कोणाच्या कसोटीवर घासून पाहावी, विद्वत्परिषदेच्या कीं यात्रेस जमलेल्या लोकांच्या, हा प्रश्न जुना आहे. शाकुंतलाच्या प्रस्तावनेंत सूत्रधार विद्वानांच्या संतोषाकडे डोळे लावतो. मालविकाग्निमित्रांत तोच कवि नाट्याचार्याच्या मुखानें नाट्य हें भिन्न रुचीच्या लोकांचें एकत्र समाराधन होय असें सांगतो. या दोन मतांचा मेळ कसा बसवावा, हें पाहण्यास आमचा वैनगंगेकांठचा मुलूख फार उपयोगी आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या धानपट्ट्यास झाडीपट्टी म्हणतात. धान घरांत आलें कीं दिवाळीपासून होळीपर्यंत येथें मंडई, शंकरपट आणि नाटक यांची रेलचेल असते. आरमोरीच्या शेजारचें वडसा, ऊर्फ देसाईगंज, हें नाटक कंपन्यांचें ठाणें. गांवोगांवचीं मंडळें तेथें जाऊन खेळ ठरवितात. रात्रीं उभा राहिलेला खेळ पहांटेस संपतो. या रंगभूमीच्या मुळाशीं दंडार व खडी गंमत हे जुने लोकप्रकार आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं येथील बोलीचा व लोककलांचा अभ्यास केला, आणि या रंगभूमीवर आयुष्य वेंचलेले नट डॉ. परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. तरीहि या नाटकांचें परीक्षण शास्त्रदृष्टीनें व्हावें तसें झालेलें नाहीं. कोणी त्यांस गांवढळ म्हणून टाकतो, कोणी केवळ कौतुक करतो. परीक्षणाचें काम दोघेहि टाळतात.

याच मुलखांत भवभूतीचें मूळ असल्याचें म. म. वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. कवीनें आपल्या पूर्वजांचें गांव पद्मपूर असें सांगितलें. मिराशींच्या मतें तें गोंदिया जिल्ह्यांतील आमगांवाजवळचें पदमपूर होय. दुर्ग येथें मिळालेला वाकाटकांचा अपुरा ताम्रपट पद्मपुराहून दिलेला आहे, ही गोष्टहि या मताच्या पुष्टीस येते. हें मत ग्राह्य मानल्यास झाडीपट्टी ही भवभूतीची पितृभूमि ठरते.

मालतीमाधवाच्या प्रस्तावनेंत निंदकांस उत्तर देतांना आपला समानधर्मा केव्हां तरी, कोठें तरी जन्मास येईल, असा विश्वास या कवीनें प्रकट केला आहे. ज्याचें नाटक पडलें असा प्रत्येक ग्रंथकार या उद्गाराचा आश्रय करितो. परंतु त्याच्या तिन्ही नाटकांचा प्रयोग कालप्रियनाथाच्या यात्रेंत होत असल्याचें त्याच्याच प्रस्तावना सांगतात, हें मात्र विसरलें जातें. कालप्रियनाथ काल्पीचा कीं उज्जयिनीचा, हा वाद येथें बाजूस ठेवूं. यात्रा म्हटली कीं व्यापारी आले, शेतकरी आले, बायकामुलें आलीं. अनंत काळावर भरंवसा ठेवणाऱ्या कवीस प्रथम त्या गर्दीसमोर उभें राहावें लागलें. मालतीमाधवांतील सुटलेला वाघ, रात्रींचें स्मशान आणि चामुंडेपुढें बळी जाऊं घातलेल्या मालतीची सुटका, हे प्रसंग मंडईच्या प्रेक्षकासहि जागचा हलूं देणार नाहींत. उलट त्याच नाटकांतील लांबलचक समास, प्राकृत भाषणांतसुद्धां येणारे, हे केवळ पंडितांस दाखविण्याचे आहेत. तेथें प्रयोग अडखळतो. उत्तररामचरितांत हा भार बराच हलका झाला आहे. तें त्याचें शेवटचें नाटक असें सामान्यतः मानितात. तसें असेल तर कवीचें शिक्षण त्याच्या नाटकांतच लिहिलेलें आहे असें म्हणावें लागतें.

प्रेक्षकाचें मन कसें ओळखावें, याचा विचार भरतमुनीनें नाट्यशास्त्राच्या सिद्धिविषयक अध्यायांत केला आहे. त्यानें प्रयोगाच्या यशाचे मानुषी व दैवी असे दोन भेद केले. स्मित, मोठें हास्य, साधु अथवा अहो असे उद्गार, अंगावरील रोमांच, नटाकडे फेंकलेलें वस्त्र वा अंगठी, हीं मानुषी सिद्धीचीं चिन्हें. रंगस्थान भरलेलें असून जेथें शब्द नाहीं, क्षोभ नाहीं, उत्पात नाहीं, ती दैवी सिद्धि. तरुण शृंगारांत, शूर रौद्रवीरांत, वृद्ध धर्मकथांत रमतात, हेंहि तो सांगतो. आणि वादाचा निर्णय करण्यास यज्ञवेत्त्यापासून राजसेवकापर्यंत निरनिराळे दहा प्राश्निक नेमतो. तात्पर्य, प्रेक्षक हा एक नसून अनेक आहे, आणि शिट्टीच्या मानानें शांततेचें मोल अधिक आहे.

या मापानें झाडीपट्टीचें नाटक मोजूं. त्याचा मोठा गुण हा कीं चूक झाली तर तिचा निकाल त्याच रात्रीं लागतो. लांबलेलें भाषण लोक उठूं लागले म्हणजे कापावें लागतें. न समजलेला विनोद पुढच्या गांवीं बदलावा लागतो. असें शिक्षण कोणतीहि पाठशाळा देत नाहीं. दोष हा कीं कथेशीं ज्यांचा संबंध नाहीं अशा नाचगाण्यांची भर घालून पुष्कळ वेळां मानुषी सिद्धि विकत घेतली जाते. मुलीच्या पाठवणीच्या प्रसंगीं सारा मंडप निःशब्द होतो, आणि लागलीच नाच घुसवून ती निःशब्दता मोडली जाते. हातीं आलेली दैवी सिद्धि नाटककार स्वतःच दवडतो. लोकांना हेंच आवडतें असें म्हणून तो सुटूं पाहतो. पण जे लोक नाचास शिट्ट्या देतात तेच क्षणापूर्वीं रडत होते. त्यांच्या दोन रुचींपैकीं कोणती पोसावी, हें ठरविणें नाटककाराचें काम आहे.

उत्तररामचरिताच्या सातव्या अंकांत याचें उत्तम उदाहरण आहे. वाल्मीकीनें रचलेलें नाटक पाहण्यास राम स्वतः प्रेक्षक म्हणून बसतो आणि हें नाटक आहे याचा त्यास विसर पडतो. लक्ष्मणास त्याची आठवण करून द्यावी लागते. शेवटीं सीतेवर ज्या प्रजेनें दोष ठेविला तीच तिच्यापुढें नम्र होते. त्या प्रजेस गोड लागेल तेंच दाखवावयाचें, असें वाल्मीकीनें मानिलें असतें तर हा शेवट घडला नसता. प्रेक्षकाचें मन जाणून घेऊन त्यास होता त्याहून वर नेणें, हीच कलेची खरी वाट होय.

आतां हस्तलिखितें जमविणाऱ्या वाचकांस एक विनंति. महावीरचरिताच्या पांचव्या अंकांतील ४६ व्या श्लोकापुढील भाग भवभूतीचा नव्हे. कांहीं प्रतींत तो सुब्रह्मण्यानें, कांहींत विनायकानें पुरा केल्याचें दिसतें. भिन्न प्रती राखल्या गेल्या म्हणूनच हें कळलें. झाडीपट्टीच्या नाटकांचीहि तीच स्थिति आहे. येथील नट आज एक, उद्यां दुसरें नाटक करितो. त्यामुळें प्रयोगाचा भार प्रॉम्प्टरच्या वहीवर असतो. तींतील खोडलेलीं वाक्यें, समासांत भरलेलीं पदें, बदललेले शेवट, हा प्रेक्षकानें नाटककारास शिकविलेल्या पाठाचा अस्सल लेख आहे. छापील पुस्तकांत तो सांपडत नाहीं. पोथी जुनी होईपर्यंत वाट पाहण्याची आपली संवय येथें घातक आहे. कारण हंगाम संपल्यावर अशी वही रद्दींत जाण्यास वेळ लागत नाहीं. भवभूतीचा समानधर्मा पुढें कधीं जन्मास आला, तर त्याच्या हातीं देण्यास निदान पोथी तरी शिल्लक असली पाहिजे. इत्यलम्.