रंगीत पाणलाव्याचा नर

भातखाचराच्या कडेला रंगीत पाणलाव्याची जोडी दिसली की दुर्बिणी मादीवर खिळतात. साहजिकच आहे. गळ्यापासून छातीपर्यंत उतरलेला गडद तांबूस रंग, डोळ्याभोवतीचा मागे निमुळता होत गेलेला पांढराशुभ्र डाग, खांद्यावर चढणारा पांढरा पट्टा आणि पंखांवर हिरवट झाक. पण तिला डोळे भरून पाहून झालं की जवळच लव्हाळ्यात दबून बसलेला नर शोधा. माझ्या मते खरी कलाकुसर त्याच्या अंगावर आहे.

लांबून तो नुसता मळकट करडा वाटतो. तिरप्या उन्हात त्याचे मिटलेले पंख बघा. त्यांवर टपोरे, सोनेरी-पिवळट ठिपके आहेत आणि ठिपक्यांना गडद रेघांची साथ आहे. एवढं नक्षीकाम खरं तर उठून दिसायला हवं. होतं उलटंच. ठिपका वाळक्या पात्यावरच्या उन्हात मिसळतो, रेघ पात्याखालच्या सावलीत, आणि पक्ष्याची आकृतीच विरघळून जाते. नजर क्षणभर हलली तर तो पुन्हा सापडत नाही. इतक्या श्रीमंत रंगकामातून इतकं अदृश्य होणं फार थोड्या पक्ष्यांना साधतं.

त्याला हे लागतंही. मादी साधारण चार अंडी घालते आणि बहुतेक वेळा दुसऱ्या नराच्या शोधात निघून जाते. पुढचे जवळपास 19 दिवस अंडी उबवायची ती एकट्या नराने, आणि पिल्लं सांभाळायची तीही त्यानेच. दिसायला हा पाणलावा असला तरी याचं जवळचं नातं कमळपक्ष्याशी आहे. तिथेही अंडी बापच उबवतो.

साद घालण्याचं काम मात्र मादीचं. त्यासाठी तिची श्वासनलिका लांब आणि वळसे घेतलेली असते. तिन्हीसांजेला रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा तिचा खोल, घुमणारा ‘ऊक… ऊक’ ऐकू येऊ लागतो. तो एका लयीत, न थकता चालू राहतो. नराची नलिका सरळ, आवाजही दुबळा. घरट्यावर बसणाऱ्याने गप्प राहिलेलंच बरं!

चरायला दोघं उजेड कमी झाल्यावर बाहेर पडतात. टोकाशी किंचित खाली वळलेली चोच उथळ पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवत किडे, गोगलगायी, गांडुळं टिपतात. मधेच शेपटीकडचा भाग खालीवर झुलतो. चाहूल लागली की तो झोकाही अर्ध्यावर थांबतो. हे थांबणं नीट बघावं. अंगाचं एक पीसही हलत नाही.

आणि लपणं निभलं नाहीच, तर पक्षी एकदम दोन्ही पंख पुढे झुकवून पसरतो, शेपटीचा पंखा उघडतो आणि फिस्कारतो. मिटल्या पंखांत झाकून राहिलेल्या उड्डाणपिसांवरचे गोल ठिपके तेव्हा ओळीने समोर येतात. एका पंखावर ठिपक्यांचे दोन उपयोग करून ठेवले आहेत, एक दडण्यासाठी, एक दचकवण्यासाठी. पंख आखडून घेतले की लव्हाळ्यात परत काहीच नाही.